दुसरी वाचक

१९ ऑगस्ट

प्रिय ताई,

पोचले. दोन्ही बॅगा आल्या, एकीचं चाक तुटलंय.

फोनवर आपण दोघी "बरं आहे ना?" "बरं आहे" एवढं बोलून ठेवतो. निघताना तुम्ही कागदांचा गठ्ठा हातात कोंबलात आणि म्हणालात, "चारच ओळी लिही, पण त्यात 'बरं आहे' हे शब्द नकोत." म्हणून लिहिते आहे.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून बस डेपोचं पत्र्याचं छप्पर दिसतं. पलंग, टेबल, आणि एक कपाट. कपाटाचं दार आपोआप उघडतं, म्हणून फटीत घडी केलेला कागद अडकवलाय. विभागाची इमारत चालत बारा मिनिटांवर. आम्हा पीएचडीवाल्यांना तळघरात एक हॉल दिलाय, त्यात सहा टेबलं. बाकीचे सगळे पंचविशीतले, मी एकोणचाळीसची. शेजारच्या टेबलावर एक दाढीवाला बसतो. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर तो ताडकन उठून उभा राहिला, त्याला वाटलं शिकवायला आले. म्हटलं, "बस बाबा, मीसुद्धा पहिलीतच आहे."

गाईड मॅडमना भेटले. पांढरे, आखूड कापलेले केस. चहा मागवतात आणि अर्धा पिऊन विसरतात. त्यांनी विचारलं, "चौदा वर्षं ऑडिट केलंत, चांगल्या हुद्द्यावर होतात. मग हे का?" मी म्हटलं, संशोधन करायचंय, पुढे विद्यापीठात शिकवायचंय. त्या म्हणाल्या, "ते अर्जात लिहिलंय." आणि वाचायच्या एकेचाळीस पेपरांची यादी हातात दिली.

तुमचा भाऊ गेला त्याला परवा दीड वर्ष झालं. इथे ते कुणालाच माहीत नाही, त्यामुळे कुणी आवाज खाली करून बोलत नाही. ते सोयीचं आहे.

आईंना नमस्कार सांगा. तुम्ही ज्या नावानं चिडवता त्याच नावानं सही करते.

तुमची,
ऑडिटरीण

*

४ सप्टेंबर

ऑडिटरीणबाई,

पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, "वहिनींचं पत्र? काही गडबड नाही ना?" नणंद-भावजय एकमेकींना पत्रं लिहितात म्हटलं की लोकांना वाटतं वाटणीची भांडणं असणार.

दुकान ठीक. या महिन्यात शाळेतल्या मुलांचे चष्मे भरपूर गेले. एका गिऱ्हाइकाला मी मोठ्या अभिमानानं सांगितलं की आमची वहिनी अकाउंटिंगमध्ये डॉक्टर होतेय. तर तो म्हणतो, "अस्सं? मग त्या कुठला अवयव तपासतात?" मी काचा पुसत बसले. पण खरं सांगू का, मलाही कळलेलं नाही. जमा आणि नावे, दोन बाजू, खाली बेरीज जुळली पाहिजे. त्यात संशोधन करण्यासारखं उरलंय काय? पाच वर्षं!

शेजारच्या काकू म्हणाल्या, "सून पळून गेली म्हणायची." मी म्हटलं, पळून जायला कुणी प्रवेश परीक्षा देत नाही.

आई तुझ्या खोलीची खिडकी रोज संध्याकाळी उघडते, अर्ध्या तासानं लावते. का, ते मी विचारत नाही.

नीट जेव. चाक तुटलेली बॅग टाकू नकोस, चाक मिळतं.

ताई

*

११ मार्च

प्रिय ताई,

सहा महिन्यांत तुमची तीन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही. संख्याशास्त्राच्या परीक्षा होत्या. दाढीवाल्यानं मला इंटिग्रेशन शिकवलं, मी त्याला ताळेबंद वाचायला शिकवला. दोघेही पास झालो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. बेरीज जुळते की नाही हा आमचा विषयच नाही. बेरीज करणारी माणसं कशी वागतात, हा आहे. मी ऑडिटरांवर काम करते आहे. एखादी कंपनी पुढचं वर्षभर तग धरेल की नाही अशी शंका आली, तर ऑडिटरनं आपल्या अहवालात एक परिच्छेद लिहायचा असतो. "आम्हाला शंका वाटते," एवढाच त्याचा अर्थ. पण तो छापून आला की कर्ज देणारे हात आखडता घेतात, माल देणारे आधी पैसे मागतात, आणि शंका खरीच होऊन बसते. म्हणून तो लिहिताना ऑडिटरचं पेन जड होतं. मी स्वतः तसा परिच्छेद दोनदा लिहिलाय, आणि एकदा लिहायला हवा होता तो लिहिला नाही.

माझा प्रश्न असा: ऑडिटर त्याच कंपनीत वर्षानुवर्षं जात राहिला, तिथल्या लोकांच्या मुलांची नावं त्याला पाठ झाली, की तो हा परिच्छेद टाळतो का? मला वाटतं, टाळतो. ते आकड्यांनी दाखवायचं. गेल्या तीस वर्षांतले अकरा हजार अहवाल जमवले आहेत. वाचायचं काम संगणक करणार.

मॅडम म्हणाल्या, "आता अर्जात नसलेलं काहीतरी बोललात."

तुमची,
ऑडिटरीण

*

९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तिसरं वर्ष संपलं आणि निकाल लागला. दहा वर्षांहून जास्त काळ एकच ऑडिटर असेल, तर शंकेचा परिच्छेद जवळजवळ निम्म्यानं कमी होतो. मी कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, उठून दार लावलं, परत वाचला. म्हणाल्या, "लोक हे वर्षानुवर्षं कुजबुजत होते. तुम्ही मोजलंत." आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चहा संपवला.

आता आम्हा दोघींच्या नावानं पेपर जर्नलकडे जाईल. नोकऱ्यांचे अर्जही याच महिन्यात करायचे आहेत. मॅडम म्हणतात, या एका पेपरवर चांगल्या विद्यापीठात जागा मिळेल.

हॉलमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तुमची,
ऑडिटरीण

*

१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नोकरी मिळाली. मोठं विद्यापीठ आहे. वर्षाला दोनच विषय शिकवायचे, बाकी वेळ संशोधनाला. स्वतंत्र खोली आणि दारावर पाटी. सप्टेंबरात रुजू व्हायचं. कागदांवर सही करून पाठवली.

जर्नलनंही पेपर घेतलाय, किरकोळ दुरुस्त्या सांगून.

परिशिष्टासाठी काही फाइली पुन्हा तपासायच्या आहेत. तेवढंच काम राहिलंय. इथे गारठा आहे. बस डेपोचं छप्पर रंगवताहेत.

तुमची,
ऑडिटरीण

*

३ मार्च

अगं ऑडिटरीणबाई, अगं प्राध्यापकीणबाई!

केवढी मोठी बातमी, आणि पत्र किती एवढंसं! दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. अवयव विचारणाऱ्यालाही मुद्दाम सांगितलं. आईनं तुझं पत्र स्वतः वाचायचं म्हणून नवा चष्मा करून घेतला, आणि मग म्हणाली, "हिनं छपराबद्दल का लिहिलंय?" मी म्हटलं, आनंदानं माणूस काहीही लिहितं.

एक विचारू? रागावू नकोस. तिथे कुणी भेटलंय का? पत्रं तुटक झाली तुझी. तसं काही असेल तर आम्ही दोघी आडव्या येणार नाही, एवढं लक्षात ठेव. बेचाळीस म्हणजे काही वय नाही.

आई हल्ली जरा कमी उठते. ऊन वाढलंय, त्यामुळे असेल. तू रुजू व्हायच्या आधी महिनाभर इकडे ये म्हणजे झालं.

ताई

*

२८ मे

वहिनी,

आज सरळ लिहिते.

मार्चच्या शेवटी आई मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. तुला त्याच दिवशी निरोप पाठवला, तुझं उत्तर आलं, "काळजी घ्या." एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. पुन्हा कळवलं. उत्तर आलं, "आत्ता निघणं अवघड आहे." काय अवघड आहे? पेपर घेतला, नोकरी मिळाली, परिशिष्ट का काय ते राहिलंय. दुकानाला कुलूप लावून मी दवाखान्यात बसत होते. आई रोज विचारायची, "तिला कळवलंस ना?" मी म्हणायचे, कळवलंय, परीक्षा आहे तिची. खोटं बोलायची वेळ आणलीस माझ्यावर.

आणि आता निघालंच आहे तर पुढचंही ऐक. तो गेला, त्याच्या पाचव्या दिवशी तू ऑफिसला गेलीस. घर माणसांनी भरलेलं होतं. तू केस विंचरलेस, पर्स घेतलीस. मी डबा भरून दिला. आई दारात उभी होती. मी तिला म्हटलं, कामात मन रमतं म्हणून जातेय ती. लोकांनाही तेच सांगितलं. मला स्वतःला ते पटलं नव्हतं. त्या दिवशी बोलले नाही, त्यानंतरही बोलले नाही.

आज विचारते. तुला काही वाटतं का गं?

ताई

*

६ जून

ताई,

तुमचं पत्र टेबलावर तीन दिवस होतं. तुम्ही विचारलंत त्याचं खरं उत्तर, नाही वाटत. वाटायला हवं तिथे काही येत नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो, पण आपला नसतो, तसं. फक्त ते उतरत नाही. पाच वर्षं झाली.

आधी इथलं सांगते.

माझा निकाल चुकीचा आहे. दोन फेब्रुवारीला कळलं, नोकरीचं पत्र येण्याच्या दोन आठवडे आधी. परिशिष्ट लिहिताना मी आपल्या जुन्या सवयीनं चाळीस फाइली उचलल्या, बहुतेक जुन्या काळातल्या, आणि मूळ कागदांशी ताडून पाहिल्या. नवे अहवाल संगणकावरच तयार झालेले असतात, ते स्वच्छ वाचता येतात. जुने कागदी. कुणीतरी ते कधीकाळी स्कॅन केलेत, फिकट, तिरके, मधोमध फाइलीचं भोक. संगणकाला पान वाचता आलं नाही की तो तिथे शून्य टाकत होता. आणि परिच्छेद नाही, यालाही शून्यच. मी दोन्ही शून्यं एकाच रकान्यात घेतली. आता, जुने ऑडिटर असतात ते जुन्याच कंपन्यांचे, आणि कागदी अहवालही जास्त त्यांचेच. म्हणजे ज्यांना मी शंका न लिहिणारे ठरवलं, त्यातल्या कितीतरी जणांनी ती लिहिली होती. फक्त कुणी वाचली नव्हती. चाळीसपैकी तेवीस पानं संगणकानं वाचलेलीच नव्हती, आणि त्यातल्या नऊ पानांवर परिच्छेद होता. साध्या डोळ्यांना दिसणारा.

दुसऱ्या कुणाचं ऑडिट करताना हे सापडलं असतं, तर मी दुपारच्या आत वर कळवलं असतं. इथे मी फाइल बंद केली आणि कपडे धुवायला गेले. घाबरायला हवं होतं. वाट पाहिली, भीती आली नाही. मग नोकरीचं पत्र आलं, त्यावर सही केली. जर्नलचं पत्र आलं, दुरुस्त्या करून पाठवल्या. चार महिने कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्ही पहिल्या आहात. कुणीही भेटलेलं नाही, ताई.

आईंच्या वेळी निघता आलं असतं. तिकीट काढलंही होतं. पण मी दारात उभी राहिले असते आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं. तिथे काहीच दिसलं नसतं. म्हणून तिकीट रद्द केलं.

आता ते पाचव्या दिवसाचं. मी ऑफिसला गेलेच नाही. ऑफिसनं मला महिन्याची रजा दिली होती, ती कुणी घरी सांगितली नाही, मीही नाही. घरात माणसं रडत होती आणि माझ्याकडे बघत होती. मी गाडी काढली आणि ऑफिससमोरच्या पार्किंगमध्ये चौथ्या मजल्यावर लावली. नऊ ते सहा आत बसून राहिले. समोर भिंत होती, तिच्यावर चार-क असं पिवळ्या रंगात लिहिलेलं. एक वाजला की तुम्ही दिलेला डबा खायचे. सहा वाजले की घरी यायचे. असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी पार्किंगचा रखवालदार काचेवर टकटक करून म्हणाला, "बाई, कुणाची वाट बघताय का?" दुसऱ्या दिवसापासून मी खरंच ऑफिसला जायला लागले, रजा रद्द करून.

रडले नाही. तिथेही नाही.

आई आता किती चालतात?

ऑडिटरीण

*

१५ जून

अगं,

चार वेळा वाचलं. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लिहून दिला. मागे धावत जाऊन चिठ्ठी परत आणली.

अकरा दिवस तो डबा मी घासत होते. रिकामा यायचा. मी आईला उघडून दाखवायचे, बघ, जेवते तरी आहे. आम्हा दोघींना त्या डब्याचाच आधार होता. तू कुठे बसून जेवतेस हे विचारायचं सुचलं नाही.

मागच्या पत्रात मी जे विचारलं ते विचारायला नको होतं, असं मी म्हणणार नाही. विचारलं म्हणून तू लिहिलंस.

आता माझं ऐक. त्या मॅडमना सांग. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी. नोकरी जाईल तर जाऊ दे, पण त्यांचंही नाव आहे ना त्या पेपरवर? त्या बिचाऱ्या सगळ्यांना सांगत फिरत असतील. माझ्या हातून चुकीच्या नंबरचा चष्मा गेला, तर गिऱ्हाईक डोकं धरून परत येईपर्यंत मी थांबत नाही. फोन करून बोलावून घेते. लाज वाटते, पण तेवढी सोसायची.

आणि ती पानं डोळ्यांना दिसतात म्हणतेस ना? मग डोळ्यांनी वाच.

आई चार पावलं चालते, वॉकर धरून. तिला मी फक्त एवढंच सांगितलं की तुला तिकडे अडचण आहे. ती म्हणाली, "तिला म्हणावं, मी काही इतक्यात जात नाही. सावकाश ये."

ताई

*

८ जुलै

प्रिय ताई,

सांगितलं. तुमचं पत्र बावीस जूनला आलं, मॅडम चोवीसला भेटल्या. त्या आमच्या पेपरची जर्नलकडून आलेली छपाईआधीची पानं तपासत होत्या. मी चाळीस फाइलींचा कागद समोर ठेवला. त्यांना समजायला दोन मिनिटं लागली.

"कधी कळलं?"

"फेब्रुवारीत."

"आत्ता जून आहे."

"हो."

"मार्चमध्ये मी यावर भाषण दिलं. तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात."

"हो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चूक कुणाच्याही हातून होते," त्या म्हणाल्या, "चार महिने होत राहत नाही. आता जा तुम्ही."

दोन दिवस काहीच निरोप नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. जर्नलला त्यांनी स्वतः पत्र लिहून पेपर मागे घेतला होता, मला फक्त प्रत दाखवली. नोकरीच्या ठिकाणी मीच कळवलं. त्यांचं उत्तर चार ओळींचं आणि सभ्य होतं. जागा दुसऱ्याला जाईल. हॉलमध्ये बातमी पोचली तेव्हा सगळे आपापल्या पडद्याकडे बघायला लागले. दाढीवाल्यानं खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाला, "किती पानं आहेत?"

एक हजार आठशे चाळीस. ती सगळी डोळ्यांनी वाचायची. मॅडमनी एक वर्ष वाढवून दिलंय.

पण एकाच माणसानं वाचलेलं आमच्यात धरत नाहीत. दुसऱ्या वाचकानं तीच पानं स्वतंत्र वाचायची, पहिल्याचं उत्तर न बघता. मग दोघांचं ताडायचं. त्याला विषयातलं काही कळत नसेल तर उत्तम, म्हणजे तो मनानं काही भरत नाही. मी मॅडमना विचारलं, माझी नणंद चालेल का? चष्म्याचं दुकान आहे, फिकट अक्षर वाचते, आणि माझं काहीही खरं मानत नाही. त्या म्हणाल्या, "नातं प्रबंधात स्पष्ट लिहायचं. आणि मधली काही पानं तिसरा कुणी तपासेल." तिसरा दाढीवाला.

पहिली तीनशे पानं सोबत पाठवली आहेत. कंपन्यांची नावं काळी केली आहेत. शंकेचा परिच्छेद असेल तर "आहे", नसेल तर "नाही". बाकी काही करायचं नाही. जमेल?

तुमची,
ऑडिटरीण

*

३० ऑक्टोबर

ऑडिटरीणबाई,

शेवटचा गठ्ठा परत पाठवते आहे. मोजून घे, एकही पान हरवलेलं नाही. एकावर चहा सांडलाय, तो आईचा.

दुपारी दुकानात गर्दी नसते, तेव्हा भिंग घेऊन बसायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं वारसाहक्काचा खटला चालू आहे. आईला वाचू दिलं नाही, नियम तो नियम. पण ती शेजारी खुर्ची टाकून पानांचे नंबर मोठ्यानं म्हणायची, म्हणजे माझी ओळ चुकायची नाही. दोनशे पानांनंतर तिचा आवाज दवाखान्याच्या आधीसारखा झाला.

तुझे हे ऑडिटर लोक मला आता चांगले ओळखू येतात. एकेक जण किती आढेवेढे घेतो! पाऊण पान गोलगोल फिरतो आणि मग हळूच म्हणतो की शंका आहे. एकानं लिहिलंय, "संचालकांनी आम्हाला आश्वासन दिले आहे आणि आम्ही ते नोंदवत आहोत." हा माणूस घाबरलेला आहे, लिहून ठेव. अर्थात तिथे "नाही" असंच लिहिलंय मी. मनानं काही भरलेलं नाही.

सव्वीस पानं मलाही वाचता आली नाहीत. उन्हात धरली, भिंगं बदलली, पण नाही. तिथे मी "आहे" लिहिलं नाही आणि "नाही"ही लिहिलं नाही. "वाचता आलं नाही" असं लिहिलंय. तुझ्या मॅडमना चालत नसेल तर त्यांनी मला फोन करावा.

आई आता काठीवर आलीये.

ताई

*

१७ मे

प्रिय ताई,

काल तोंडी परीक्षा झाली. पास झाले.

सगळी पानं ताडून झाल्यावर फरक उरला नाही. ऑडिटर जुना असो की नवा, शंका साधारण तितकीच लिहितो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे तुमच्या हाती काहीच लागलं नाही?" मी म्हटलं, "नाही लागलं. आधी लागलं असं का वाटलं, ते चौथ्या प्रकरणात आहे." त्यांनी चौथं प्रकरण उघडलं आणि पाऊण तास त्यावरच प्रश्न विचारले. तुमच्या सव्वीस पानांचा विषय त्यांनी दोनदा काढला. दुसरी वाचक कोण, हे विचारलं. मी नातं सांगितलं. ते म्हणाले, "दोघींमध्ये मतभेद झाले त्या चौतीस पानांपैकी एकोणतीस वेळा त्या बरोबर होत्या, हे तुम्ही छापलंत?" म्हटलं, "हो, छापलंय."

नोकरी एका छोट्या कॉलेजात मिळाली आहे, एका वर्षाच्या करारावर. आठवड्याला सोळा तास शिकवायचे. संशोधन त्यातून वेळ उरला तर. मॅडम म्हणतात, चौथ्या प्रकरणाचा पेपर होईल. त्या अजून माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाहीत, पण हे त्यांनी आपण होऊन म्हटलं.

बाहेर आल्यावर दाढीवाल्यानं विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हटलं, पाय दुखताहेत. नवे बूट होते, टाचा सोलल्या होत्या. तो हसला. पण खरंच दुखत होते. मला ते कळत होतं, आणि मी खूप वेळ पायरीवर बसून ते कळू दिलं.

एक मागायचं आहे. त्या पहिल्या चार दिवसांतलं मला काही आठवत नाही. दवाखान्यात कुठलासा फॉर्म भरला, तिथपर्यंत आठवतं. त्यानंतर थेट पार्किंगची भिंत. मधलं तुम्ही पाहिलंय. कोण काय बोललं, मी काय केलं, ते लिहाल? मला बरं वाटावं म्हणून काही बदलू नका.

तुमची,
ऑडिटरीण

*

२६ मे

प्रिय ऑडिटरीणबाई,

आधी अभिनंदन. आता तू मागितलंस ते. काही बदललेलं नाही.

गुरुवार होता. डॉक्टर तुझ्याशी बोलत होते आणि तू मान हलवत होतीस. त्यांचं बोलून संपलं, ते निघून गेले, तरी तू मान हलवत होतीस. मी तुझ्या हनुवटीखाली हात धरला तेव्हा थांबलीस. मग तू फॉर्म भरलास. अक्षर नेहमीसारखंच होतं.

टॅक्सीत आपण तिघी मागे बसलो. आई मधे. ड्रायव्हरनं रेडिओ लावला, मग आरशात बघून बंद केला.

संध्याकाळपर्यंत घर भरलं. तू आत गेलीस. कुणीतरी म्हणालं, पडू दे तिला थोडं. थोड्या वेळानं मला गरम कापडाचा वास आला. आत जाऊन बघते तर तू इस्त्री करत होतीस. त्याचे शर्ट. सहा झाले होते, पलंगावर ओळीनं ठेवलेले, सातवा हातात. मी विचारलं, "हे काय करतेस?" तू म्हणालीस, "सोमवारी त्याची मीटिंग आहे. निळा लागेल."

मी तुझ्यावर ओरडले. "बंद कर ते! बाहेर माणसं बसलीयेत, काय म्हणतील?" तू लगेच वायर काढलीस. मला "सॉरी, ताई" म्हणालीस आणि भिंतीला टेकून उभी राहिलीस. त्यानंतर चार दिवस तू तोंडातून शब्द काढला नाहीस, आणि पाचव्या दिवशी पर्स घेतलीस.

हे मी सहा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी "तुला काही वाटतं का" असं लिहिताना तो निळा शर्ट मला आठवत होता. आठवत असूनही मी लिहिलं. सहा शर्ट मी नंतर देऊन टाकले. सातवा माझ्या कपाटात आहे, एका बाहीला इस्त्री केलेला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचं मला नीट आठवत नाही. मी धावपळीत होते. चौथ्या दिवशी रात्रभर आई तुझ्याजवळ होती, दार लावून. आत काय झालं, मला माहीत नाही. आज पत्र लिहायच्या आधी तिला विचारलं. खूप वेळ काठीशी चाळा करत बसली.

मग म्हणाली, "ते कागदावर नाही सांगायचं. तिला म्हणावं, येऊन विचार."

ताई